लाइट जाऊन आली की मॉड्यूल ऑफलाइन: रीसेट करण्याआधी हे तपासा

पावसाचे पहिले दोन-चार जोरदार तडाखे बसले की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या ज्या घरांत दिव्यांना स्मार्ट मॉड्यूल लावलेली आहेत, तिथून एकाच प्रकारची तक्रार ऐकू येते. लाइट गेली, आली, आणि ॲपमध्ये अर्धे दिवे ‘ऑफलाइन’. किंवा रात्री अडीचला लाइट आली आणि घरातले झाडून सगळे दिवे एकदम लागले, तान्हं बाळ दचकून उठलं. मग घरातलं कुणीतरी स्टुलावर चढून मॉड्यूल रीसेट करतं, वायफायला पुन्हा जोडतं, नावं देतं, वेळा लावतं. पुढच्या पावसात पुन्हा तेच.

नातेवाइकांच्या आणि सोसायटीतल्या ओळखीच्यांच्या घरचे बोर्ड उघडून बघायचं काम माझ्याकडे नेहमी येतं. त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. रीसेटने मॉड्यूल परत येतं, पण ते का गेलं याचा पुरावाही त्याच वेळी पुसला जातो. म्हणून रीसेटचं बटण सगळ्यात शेवटी. आधी घोटाळा वायरीत आहे, मॉड्यूलच्या आठवणीत आहे, वायफायमध्ये आहे की घड्याळात, हे ठरवायचं. ते ठरलं की उपाय बहुतेक वेळा स्वस्त असतो आणि एकदाच करावा लागतो.

इथे मी बोलतोय ते मुख्यतः बटणांच्या बोर्डामागे बसणाऱ्या वायफाय रिले मॉड्यूलबद्दल, म्हणजे वायफायवरून आज्ञा घेऊन आतल्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या खटक्याने) दिवा चालू-बंद करणाऱ्या डबीबद्दल. आपल्याकडे सर्वांत जास्त तीच बसवली जातात. झिग्बी, म्हणजे वायफायहून वेगळी बिनवायरीची जोडणी, तिची गोष्ट थोडी वेगळी आहे, तिच्यापुरतं पुढे लिहिलं आहे.

घोटाळा कुठे आहे ते आधी ठरवा

भिंतीवरचं बटण दाबा. दिवा लागतो का? लागत असेल तर फेज, न्यूट्रल, रिले, दिवा, सगळं ठीक आहे. बोर्डाला हातही लावू नका, घोटाळा वायफाय किंवा ॲपच्या बाजूला आहे. बटणानेही दिवा लागत नसेल तर मॉड्यूलवरचा बारीक दिवा पेटलाय का ते बघायचं. तोही मेलेला असेल तर मॉड्यूलपर्यंत वीजच पोचत नाही, आणि अशा वेळी ॲपमध्ये कितीही खटपट केली तरी फुकट.

दुसरा प्रश्न: किती गेले? घरातले सगळे एकदम गेले असतील तर राउटर. एकाच बोर्डातले सगळे गेले असतील तर त्या बोर्डातला न्यूट्रल किंवा लूपची सैल झालेली जोडणी. फक्त आतल्या बेडरूममधले जात-येत असतील तर सिग्नल. एकच, तोही लाइट ये-जा करून थांबल्यावर गेला असेल, तर त्याने स्वतःला कोरं करून घेतलं असण्याची शक्यता मोठी, आणि त्याबद्दलच खाली सविस्तर लिहितोय.

मुळात बटण दाबून दिवा लागायलाच हवा. वायफाय असो-नसो, इंटरनेट असो-नसो. मॉड्यूलच्या एस-१, एस-२ टोकांना भिंतीवरचं बटण न जोडता ‘आता सगळं फोनवरून होईल’ असं सांगून गेलेले लोक मी पाहिले आहेत. ते काम अर्धवट आहे, ते आधी पूर्ण करून घ्या. घरकामाला येणाऱ्या मावशी, गावाहून आलेले आजोबा, रात्री तहान लागून उठलेलं मूल, यांच्यातल्या कुणालाही दिव्यासाठी फोन शोधावा लागता कामा नये.

बोर्ड उघडायचाच असेल तर आधी त्या लाइनचा एमसीबी पाडा आणि टेस्टरने बोर्डातली प्रत्येक वायर तपासा. बटण बंद केलं म्हणजे बोर्ड थंड झाला असं नसतं. ज्यांना ही सवय नाही त्यांनी परवानाधारक वायरमनला बोलवावं. पुढचं वाचून त्याच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं एवढं तरी कळेल.

मॉड्यूल स्वतःला कोरं का करतं

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, आणि पावसाळ्यातल्या निम्म्या रडगाण्याचं मूळ इथे आहे असं मला वाटतं.

बोर्डाच्या आत, भिंतीत बसलेल्या मॉड्यूलवरचं रीसेटचं बटण दाबायचं कसं? म्हणून बनवणाऱ्यांनी एक सोय करून ठेवली आहे: वीज थोड्या थोड्या वेळाने अमुक वेळा चालू-बंद केली की यंत्र समजतं, मालकाला मला नव्याने जोडायचं आहे. ते वायफायचं नाव आणि पासवर्ड विसरतं आणि जोडणीच्या तयारीत लुकलुकत बसतं. बहुतेक स्मार्ट बल्बमध्ये यासाठी तीन ते पाच वेळा चालू-बंद पुरतं. टॅस्मोटा हे फर्मवेअर (मॉड्यूलच्या आतला प्रोग्राम) टाकलेल्या मॉड्यूलमध्ये दहा सेकंदांपेक्षा कमी अंतराने सहा वेळा वीज दिली आणि सातव्यांदा चालू ठेवली की सगळ्या सेटिंग पुसल्या जातात.

आता पावसातली एखादी संध्याकाळ आठवा. लाइट सरळ जात नाही. जाते, येते, पंखा दोन फेरे घेतो, पुन्हा जाते, पुन्हा येते. आपल्या दृष्टीने ती लाइट ‘लपंडाव खेळते’. मॉड्यूलच्या दृष्टीने मात्र कुणीतरी शिस्तीत मोजून चालू-बंद करतंय. ते आज्ञा पाळतं. दिवे कायमचे गेल्यासारखे वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडे ‘मॉड्यूल खराब निघालं’ म्हणून भांडण होतं. मॉड्यूल खराब नसतं.

ओळखायची खूण सोपी आहे. लाइट स्थिर झाल्यावर मॉड्यूलवरचा दिवा भराभर लुकलुकत असेल, किंवा फोनच्या वायफाय यादीत मॉड्यूलच्या नावाचं एखादं अनोळखी नेटवर्क दिसत असेल, तर त्याने स्वतःला कोरं केलं आहे. याउलट राउटर रीस्टार्ट केल्यावर ते मुकाट्याने परत आलं, तर ते कोरं झालेलं नव्हतं, फक्त हरवलं होतं. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा फरक आधी बघा.

टॅस्मोटा असेल तर त्याच्या कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या पानावर) ‘सेटऑप्शन६५ १’ ही आज्ञा एकदा द्यायची (टाइप करताना अर्थात रोमन लिपीत). त्याने वीज चालू-बंद करून रीसेट होण्याची सोयच बंद होते. मग पुढे कधी खरोखर रीसेट करायचं झालं तर मॉड्यूलवरच्या बटणाने किंवा कन्सोलवरून करावं लागेल, एवढं लक्षात ठेवा. कंपनीच्या मूळ फर्मवेअरवर चालणाऱ्या मॉड्यूलमध्ये अशी सोय असेलच असं नाही. विकत घेताना माहितीपत्रकात ‘जोडणीच्या अवस्थेत कसं न्यायचं’ हा परिच्छेद वाचा. बटण पाच सेकंद दाबून धरा असं असेल तर उत्तम. वीज किंवा भिंतीवरचं बटण भराभर चालू-बंद करा असं असेल तर ते मॉड्यूल आपल्या पावसाळ्यासाठी नाही. भिंतीवरच्या बटणाने रीसेट होणारं मॉड्यूल लहान मुलांच्या खोलीत तर अजिबात नको, मुलं बटणाशी खेळतातच.

ज्यांच्या घरात आधीच अशी वीस-पंचवीस मॉड्यूल बसली आहेत त्यांनी ती बदलत बसू नये. डीबीमध्ये (एमसीबींच्या मुख्य पेटीत), लाइटच्या लाइनवर, जास्त-कमी व्होल्टेजपासून वाचवणारं आणि परत जोडायला उशीर लावणारं उपकरण बसवून घ्यावं. एमसीबीसारखंच पट्टीवर बसतं, वर आकडे दिसतात. वीज परत आल्यावर किती सेकंद थांबून घरात सोडायची ते त्याच्यात ठरवता येतं. साठ सेकंद ठेवलेत की बाहेर लाइट दहा वेळा आली-गेली तरी घरातल्या दिव्यांना ती एकदाच गेली आणि शांतपणे परत आली असंच वाटतं. मॉड्यूलची मोजणी सुरूच होत नाही. शिवाय कुठे न्यूट्रल सैल होऊन व्होल्टेज वर चढलं तर एलईडी ड्रायव्हर, राउटर आणि टीव्ही वाचतात, हा फायदा वेगळाच. आपला पुरवठा २३० व्होल्टचा. तो आकडा २७०च्या पुढे जाताना दिसला, किंवा एका खोलीतले दिवे मंद आणि दुसऱ्या खोलीतले भगभगीत दिसले, तर मॉड्यूलचा विचार सोडून मेन बंद करा. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला कळवा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा.

हे बसवेपर्यंतचा बिनखर्चाचा उपाय: लाइट लपंडाव खेळायला लागली की लाइटचा एमसीबी पाडून ठेवा, स्थिर झाल्यावर उचला.

लाइट आल्यावर दिवे आपोआप का लागतात

वीज परत आल्यावर रिलेने काय करायचं, ही बहुतेक मॉड्यूलमध्ये एक सेटिंग असते. ॲपमध्ये ती ‘पॉवर-ऑन स्टेट’ किंवा ‘रिले स्टेटस’ अशा नावाने, उपकरणाच्या पानावर कोपऱ्यात दडलेली सापडते. पर्याय तीन: बंद राहा, चालू हो, आधी होतास तसा हो. काही मॉड्यूल कारखान्यातूनच ‘चालू हो’वर येतात, आणि रात्री अडीचला दिवाळी होते ती त्यामुळे.

माझा सल्ला असा की बेडरूम आणि हॉलमधल्या दिव्यांना ‘बंद राहा’ ठेवा. बाथरूम, पॅसेज आणि स्वयंपाकघरातल्या एका दिव्याला ‘आधी होतास तसा हो’. गिझरला नेहमी ‘बंद राहा’, त्यात तडजोड नाही. माणसं घराबाहेर असताना लाइट येऊन गिझर आपोआप चालू झालेला कुणालाच नको आहे. तसाही दोन किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपियर ओढतो, तीन किलोवॉटचा तेरा. दहा अँपियर लिहिलेल्या दिव्याच्या मॉड्यूलवर गिझर लावूच नका, सोळा अँपियरचं वेगळं घ्या.

स्मार्ट बल्ब असतील तर त्यांची अडचण वेगळी. त्यांना वीज आली म्हणजे पेटायचं एवढंच ठाऊक असतं, कारण बटण दाबल्यावर त्यांनी पेटावं हीच अपेक्षा. बऱ्याच बल्बच्या ॲपमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ नावाची सेटिंग असते. ती चालू केली की लाइट आल्यावर बल्ब बंदच राहतो. हाताने लावायचा तर बटण दोनदा चालू-बंद करावं लागतं. आपल्याकडे खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायची सवय हाडीमाशी मुरलेली आहे, ती चांगलीच आहे, पण बटण बंद झालं की स्मार्ट बल्ब मुका होतो. छताच्या दिव्यांना मॉड्यूल आणि टेबललॅम्पपुरते स्मार्ट बल्ब, ही वाटणी मला सगळ्यात टिकाऊ वाटते.

राउटर उशिरा उठतो

लाइट आली की मॉड्यूल काही सेकंदांत जागं होतं आणि वायफाय शोधायला लागतं. राउटर आणि फायबरची डबी यांना पूर्ण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं सहज लागतात. चांगली मॉड्यूल शोधत राहतात. स्वस्तातली काही थोडे प्रयत्न करून गप्प बसतात आणि मग कुणीतरी त्यांची वीज तोडून जोडेपर्यंत तशीच राहतात. म्हणजे इथे बिघाड कशातच नाही, फक्त उठण्याचा क्रम उलटा झाला आहे.

राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. राउटरच्या अडॅप्टरवर किती अँपियर लिहिलंय ते बघून तेवढ्याचा किंवा त्याहून मोठा घ्यायचा. फायबरची डबी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप हवा, एकट्या राउटरला देऊन उपयोग नाही. लाइट परत येईल तेव्हा वायफाय आधीच तयार असेल तर ऑफलाइनच्या तक्रारी एकदम कमी होतात. वर सांगितलेलं उशीर लावणारं उपकरण दिव्यांच्या लाइनवर असेल आणि राउटर त्याच्या बाहेरच्या लाइनवर, तर क्रम आपोआप सरळ होतो.

एवढं करूनही काही इमारतींत लाइट आल्यावर बराच वेळ इंटरनेट येत नाही, कारण केबलवाल्याचा स्विच डक्टमध्ये जिन्याच्या लाइनवर असतो. अशा वेळी घरातलं वायफाय असतं पण बाहेरचं जग नसतं. सगळ्या वेळा आणि नियम कंपनीच्या सर्व्हरवर असतील तर तोवर काहीच चालत नाही. घरातल्या घरात चालणारी व्यवस्था, उदाहरणार्थ एखाद्या छोट्या संगणकावर चालणारा होम असिस्टंट हा प्रोग्राम, याला हाच मोठा फायदा आहे. मात्र तो संगणकही त्याच मिनी यूपीएसच्या भरवशावर ठेवू नका, त्याचं व्होल्टेज वेगळं असतं. लाइट गचकन गेल्याने त्यातलं मेमरी कार्ड खराब होणं हेही नित्याचंच, म्हणून त्याला स्वतंत्र बॅकअप आणि शक्य तर एसएसडी.

राउटरमध्ये एकदाच करून ठेवायच्या गोष्टी: प्रत्येक मॉड्यूलला ठरावीक आयपी पत्ता बांधून द्या, म्हणजे राउटर रीस्टार्ट झाल्यावर पत्ते अदलाबदल होऊन होम असिस्टंट गोंधळणार नाही. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी करा, निदान मॉड्यूल जोडताना तरी. ही मॉड्यूल बहुतेक करून २.४वरच बोलतात. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ ठेवली असेल तर जुनी मॉड्यूल आत शिरतच नाहीत. चॅनेल ‘ऑटो’वर ठेवू नका, १, ६ किंवा ११ पैकी एक नक्की करा. आपल्याकडे १२ आणि १३ या चॅनेलना परवानगी असल्यामुळे राउटर ऑटोमध्ये तिकडे सरकू शकतो आणि काही मॉड्यूलना ती दिसतच नाहीत. काल चालत होतं, आज लाइट जाऊन आल्यावर मोजकीच चार मॉड्यूल गायब, फोन मात्र मजेत चालू, असं असेल तर सगळ्यात आधी चॅनेल बघा.

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये आणखी एक भर. तिथल्या बऱ्याच इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, म्हणजे ज्याला सगळे मायवान म्हणतात त्या. आतल्या भिंतीसुद्धा सळईवाल्या काँक्रीटच्या. त्यात बोर्डाची पेटी पत्र्याची. हॉलमधल्या राउटरचा सिग्नल आतल्या बेडरूमच्या बोर्डात पोचेपर्यंत दमलेला असतो. ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दिसतो: उणे ६५च्या आसपास असेल तर छान, उणे ८०च्या खाली असेल तर ते मॉड्यूल आज ना उद्या रुसणार. पॅसेजमध्ये छताजवळ, वायरने जोडलेला एक ॲक्सेस पॉइंट बसवा. बिनवायरीचा रिपीटर हॉलच्याच दुसऱ्या कोपऱ्यात ठेवून काही हाती लागत नाही.

उसना न्यूट्रल

मॉड्यूलला स्वतःला जगायला न्यूट्रल लागतो. आपल्याकडच्या बहुतेक बोर्डांत बटणांच्या शेजारी पाच पिनचं सॉकेट असतं, त्यामुळे तिथे न्यूट्रल आलेलाच असतो आणि काम सोपं होतं. अडतं ते पलंगाशेजारच्या, नुसत्या बटणांच्या बोर्डात. तिथे फक्त फेज येते आणि दिव्याकडे जाते. मग वायरमन जवळपास कुठे न्यूट्रल मिळतोय का ते शोधतो, आणि बेडरूममध्ये सगळ्यात जवळ असतो तो एसीचा पॉइंट.

खारघरला आमच्या एका काकूंच्या घरी असंच झालं होतं. बेडरूममध्ये तीन मॉड्यूल महिनोन् महिने छान चालली, चौथं बसवल्यापासून आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाइन तोडणारा खटका) पडायला लागला. कधी रात्री, कधी दुपारी, ठरावीक असं काही नाही. काकू म्हणायच्या, ‘अरे, ते चौथं काढून टाक, तेच अपशकुनी आहे.’ बोर्ड खोलला तर आत लाल-पिवळ्या जुन्या वायरींचं जुडगं. सगळ्यांवर पीओपीची पांढरी पूड आणि रंगाचे शिंतोडे. त्यात एकच काळी वायर नवीकोरी, चकचकीत. काम करणारा वायरमन तिथेच होता.

‘दादा, ही काळी कुठून आणलीत?’

‘एसीच्या पॉइंटवरून. तोच जवळ पडला.’

‘आणि लाइटचा न्यूट्रल?’

‘तो हॉलच्या बोर्डात. पाइपातून वायर सरकत नव्हती, स्प्रिंग अडकत होती.’

त्या घरात डीबीमध्ये दोन आरसीसीबी होते, एक दिव्यांना आणि एक एसी-गिझरला. आरसीसीबी एवढंच बघतो की जितका करंट गेला तितकाच परत आला का. फरक ३० मिलिअँपियरपर्यंत जायच्या आत तो पडतो. आता मॉड्यूलने फेज घेतली दिव्यांच्या लाइनची आणि परत पाठवली एसीच्या न्यूट्रलवरून. एकेक मॉड्यूल अगदी थोडे मिलिअँपियरच खातं, म्हणून एक-दोन-तीन असेपर्यंत निभावलं. चौथ्याने बेरीज काठावर नेली. चौथं मॉड्यूल निर्दोष होतं, उसना न्यूट्रल पहिल्या दिवसापासून चुकीचा होता.

घरात आरसीसीबी एकच असेल तर असं झालेलं कळतही नाही, पण धोका राहतोच. उद्या दुसऱ्या कुणी दिव्यांचा एमसीबी न पाडता एसीच्या पॉइंटचं काम काढलं आणि तिथला न्यूट्रल सोडला, तर ती सुटलेली काळी वायर मॉड्यूलमधून आलेल्या फेजने जिवंत असते. काम करणाऱ्याने एसीचा एमसीबी पाडलेला असतो, तो निर्धास्त असतो. इन्व्हर्टर असलेल्या घरात आणखी एक खूण दिसते: लाइट गेली, दिवे इन्व्हर्टरवर, पण मेनच्या बाजूचा आरसीसीबी पाडला की मॉड्यूल मरतात. फेज इन्व्हर्टरची आणि न्यूट्रल भलत्याच लाइनचा, म्हणून.

काकूंकडे न्यूट्रल शेवटी छतावरच्या पंख्याच्या डब्यातून खाली ओढला. पंखा आणि दिवा ज्या लाइनवर आहेत तिचाच न्यूट्रल तिथे हक्काचा असतो, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पाइप भरलेला असेल तर मॉड्यूलच वर पंख्याच्या डब्यात किंवा फॉल्स सीलिंगमध्ये दिव्याजवळ बसवता येतं. मात्र त्याला पुढे एक मर्यादा आहे, ती आता.

लाइट न जाताही दिवा लागतो तेव्हा

मॉड्यूल वर आणि बटण खाली असेल तर बटणाच्या दोन बारीक वायरी पाच-सहा मीटर लांब होतात आणि त्या २३० व्होल्टच्या वायरींच्या बरोबरीने एकाच पाइपातून जातात. लहान मॉड्यूलमध्ये बटणाच्या टोकांवर जेमतेम ३.३ व्होल्ट असतात. शेजारच्या वायरीतल्या विजेचा परिणाम त्यांच्यावर होतो, आणि फ्रीज किंवा एसीची मोटर सुरू होताना मॉड्यूलला वाटतं बटण दाबलं गेलं. घरात भुताटकी झाल्यासारखा दिवा लागतो-विझतो. उपाय: बटणाच्या वायरी शक्य तितक्या आखूड ठेवा, किंवा बटणाच्या टोकावर २३० व्होल्टच घेणारं मॉड्यूल वापरा. ॲपमध्ये बटणाचा प्रकारही तपासा. खटका मारून राहणारं साधं बटण असताना सेटिंग घंटीच्या बटणाची असेल तर एकदा दाबण्याऐवजी दोनदा दाबावं लागतं, आणि लोक त्याला बिघाड समजतात.

दिवा ठरावीक वेळेला, पण भलत्याच वेळेला लागत असेल तर घड्याळ. संध्याकाळी ७चा नियम रात्री साडेबाराला चालत असेल तर सिस्टिम जागतिक वेळेवर आहे, तिला साडेपाच तास पुढे करून भारतीय वेळ द्या. या मॉड्यूलमध्ये घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते. लाइट आल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत त्यांना तारीख-वार काहीच माहीत नसतं, आणि तेवढ्या वेळात येणारा नियम हुकतो. ठरावीक वेळेपेक्षा सूर्यास्तावर नियम लावणं आपल्याकडे बरं: नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास अंधारून येतं, जुलैच्या सुरुवातीला सूर्यास्त सव्वासातच्या पुढे जातो. मात्र ढगाळ पावसाळी संध्याकाळी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीच दिव्याची गरज पडते, म्हणून जून ते सप्टेंबर नियम तीस मिनिटं अलीकडे ओढा. ॲपमधलं घराचं ठिकाण ठाणे किंवा नवी मुंबईच दाखवतंय ना, हेही बघून घ्या.

आणि दिवा बंदच होत नसेल, ॲप म्हणतंय बंद, रिलेचा ‘टक्’ आवाजही येत नाही, तर रिलेचे संपर्क चिकटले आहेत. फॉल्स सीलिंगमधले बारा-पंधरा एलईडी आणि पट्टीचे ड्रायव्हर एकाच बटणावर असले की असं होतं. चालू होण्याच्या क्षणी ड्रायव्हर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात. एकूण वॉट कमी भरतात म्हणून वायरमन निर्धास्त असतो, पण रिलेला तो पहिला झटका मारतो. मॉड्यूल बदला आणि दिवे दोन भागांत वाटा.

बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत राहणं ही किरकोळ बाब. न्यूट्रलशिवाय चालणारं मॉड्यूल स्वतःपुरता करंट दिव्यातूनच घेतं, त्याचा तो परिणाम. त्याच्याबरोबर मिळणारा छोटा बायपास दिव्याच्या दोन टोकांना जोडला की थांबतं. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर मात्र लाइट गेल्यावर डिमरचे दिवे फडफडतील आणि पंख्याचा रेग्युलेटर गुणगुणेल. तिथे मॉड्यूल बदलून फरक पडत नाही, साइन वेव्ह इन्व्हर्टरच लागतो.

झिग्बीवाल्यांसाठी थोडक्यात: तुमचे कायम विजेवर असणारे बल्ब आणि मॉड्यूल एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात. कुणी भिंतीवरचं बटण बंद करून मधला बल्ब मारला की त्याच्या पलीकडचे सेन्सर ऑफलाइन होतात. दोष सेन्सरचा नसतो. लाइट आल्यावर जाळं पुन्हा विणलं जायला वेळ लागतो, तेवढा द्या. वायफाय चॅनेल १ किंवा ६ वर असेल तर झिग्बी २५वर ठेवा, दोघांची टक्कर होत नाही.

बोर्ड उघडलाच आहे तर दोन गोष्टी आणखी बघून घ्या. बाहेरच्या भिंतीवरच्या बोर्डात ओल आली आहे का: पेटीचा गंज, स्क्रूवरची हिरवी पूड, भिंतीचा फुगलेला रंग. ओल असेल तर मॉड्यूल तिथे ठेवू नका. आधी बाहेरून गळती बंद करा, भिंत सुकू द्या, तोवर साधं बटण. आणि पेटीत मॉड्यूल कोंबून वर झाकण दाबून बसवलं असेल तर वायरींचे स्क्रू सैल झालेले असतात. प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा, सैल असेल ती परत कसा. काम झाल्यावर डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: कोणतं मॉड्यूल कोणत्या बोर्डात, न्यूट्रल कुठून घेतलाय, आयपी पत्ता काय, वीज आल्यावरची सेटिंग काय. पुढच्या वेळी येणारा वायरमन वेगळा असेल, आणि त्याने आधी तोच कागद वाचलेला बरा.